नायलॉनचा वॉशर

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. धातूंशी माझा परिचय झाला तो एका फाइलच्या निमित्ताने, आणि तोही उशिरा.

2007 साली माझी नेमणूक अंदमानात होती. आजच्या श्री विजयपुरमला तेव्हा पोर्ट ब्लेअर म्हणत. कार्यालयासाठी ॲल्युमिनियमच्या चार लहान बोटी घ्यायच्या होत्या आणि वित्तीय छाननी माझ्याकडे होती. तांत्रिक शाखेच्या यादीत शेवटी काही किरकोळ वस्तू होत्या : नायलॉनचे वॉशर, बोल्टवर चढवायच्या नायलॉनच्या नळ्या, सांध्यात भरायचे लुकण. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असताना हे कशासाठी, असा शेरा मारून मी ती बाब वगळली. शेरा इंग्रजीत होता आणि त्या वेळी मला तो फारच मार्मिक वाटला होता.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका खलाशाने धक्क्यावर उतरताना बोटीच्या कठड्याचा आधार घेतला आणि कठडा खांबासकट उपटून आला. तो बोट आणि धक्का यांच्यामध्ये पडला. जीव वाचला, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली.

मी पाहायला गेलो. बोल्ट नव्यासारखे चकचकीत होते. त्यांच्याभोवतीच्या ॲल्युमिनियमची मात्र पांढरी भुकटी झाली होती. तेथील वृद्ध तेलुगूभाषक मिस्त्रींनी मला हिंदीत समजावले, ते असे : दोन निराळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले, की तेथे बॅटरीच तयार होते. तीत ॲल्युमिनियम झिजते आणि स्टील सुरक्षित राहते. म्हणून दोहोंचा स्पर्शच होऊ द्यायचा नाही. बोल्टच्या डोक्याखाली वॉशर, भोकात नळी, फटीत लुकण. नुसता रंग का नको, असे मी विचारले. केवळ ॲल्युमिनियमला रंग दिला, तर जेथे ओरखडा पडेल तेथेच सारा मारा एकवटतो, हे त्यांचे उत्तर. बोटीच्या तळाला जस्ताची वडी लावतात, ती स्वतः झिजून इतरांना वाचवते. तिला रंग द्यायचा नाही आणि अर्धी झिजली की बदलायची. पण तिचे संरक्षण पाण्याखालच्या भागापुरते. कठड्याला वॉशरच हवा.

पुढे वाचनात आले, की 1761 साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या युद्धनौकेच्या लाकडी तळावर तांब्याचे पत्रे ठोकले होते. दोन वर्षांत तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले. जेथे पत्र्यांच्या वेष्टनाचा कागद खिळ्याखाली तसाच राहिला होता, तेथले खिळे शाबूत होते. आयुष्य कागदांत घालवलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटायला हवे होते.

चौकशी अहवालाच्या मसुद्यात 'देखभालीतील त्रुटी' म्हणून मिस्त्रींवर ठपका होता. मी तो परत मागवला आणि माझ्या शेऱ्याचे पान त्याला जोडले. वरिष्ठांनी ते पान दोनदा वाचले, बोलले काहीच नाहीत. चारही बोटींचे कठडे नव्याने बसवले गेले. वॉशर-नळ्यांचा खर्च माझ्या एका प्रवासभत्त्याच्या बिलाहून कमी होता.

खलाशी पुढे भांडारात बदलून गेला. डाव्या हाताने सही करायला तो लवकरच शिकला. पण नमुना सहीशी जुळत नाही म्हणून बँकेने त्याचा धनादेश परत केला. तो माझ्याकडे आला. बँकेला द्यायचे पत्र मी माझ्या हाताने लिहिले.