अर्ध्या मिनिटाचं संगीत, महिन्याचा पगार

एप्रिल 2020. न्यूयॉर्कमधली सभागृहं बंद होती आणि ज्यांचं घर एकेका कार्यक्रमाच्या मानधनावर चालतं, त्यांच्या तारखा एकामागून एक रद्द होत होत्या. त्याच महिन्यात जेनिफर को या व्हायोलिनवादिकेने घरातूनच एक उपक्रम सुरू केला, 'अलोन टुगेदर'. ज्या संगीतकारांना विद्यापीठातली नोकरी किंवा तसाच एखादा पक्का आधार आहे, त्यांनी एकट्या व्हायोलिनसाठी अर्ध्या मिनिटाची नवी रचना मोफत द्यायची आणि सोबत एका फ्रीलान्स संगीतकाराचं नाव सुचवायचं. त्या दुसऱ्याला मात्र रचनेचे पैसे मिळणार, जेनिफरच्या 'आर्को कोलॅबोरेटिव्ह' या ना-नफा संस्थेकडून. रचना आली की जेनिफर ती ऑनलाइन वाजवायची.

मला त्यात संगीताआधी ती विभागणी दिसली. पगार असलेले आणि पगार नसलेले. मी पहिल्या गटातला. लॉकडाऊनमध्येही महिनाअखेरीस माझ्या फोनवर बँकेचा मेसेज येत होता. माझा आतेभाऊ पुण्यात व्हायोलिन वाजवतो. लग्नाची रिसेप्शन, भावगीतांचे कार्यक्रम, अधूनमधून रेकॉर्डिंग, उरलेल्या वेळात शिकवण्या. त्याला कसलाच मेसेज येत नव्हता.

आता त्याला एका शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी मिळतेय. तो हो म्हणत नाहीये. आत्याचा मला फोन येतो, "तू इंजिनीअर, तुझं ऐकेल तो. समजाव ना जरा."

समजावण्याआधी मी जेनिफरचं करिअर नीट बघितलं. कोरियन आई-वडिलांची, इलिनॉयमध्ये वाढलेली मुलगी. पदवी इंग्रजी साहित्याची. 1994 साली मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत मोठं बक्षीस. त्यानंतर तेच गाजलेले दहा-बारा कॉन्चेर्टो जगभर वाजवत राहणं सोपं होतं. ती बाखशेजारी आजच्या रचना ठेवत गेली. फिलिप ग्लासच्या 'आइनस्टाइन ऑन द बीच' या, साडेचार तासांच्या आसपास चालणाऱ्या आणि मध्यंतर नसलेल्या ऑपेरात तिने आइनस्टाइनच्या वेशात व्हायोलिन वाजवलं. विजय अय्यरने तिच्यासाठी 'ट्रबल' हा कॉन्चेर्टो लिहिला, तो 2017 मध्ये पहिल्यांदा वाजला.

ऐकायला हे ग्लॅमरस वाटतं. पण नव्या रचनेचं जुनं रेकॉर्डिंग नसतं, यूट्यूबवर ऐकून ती बसवता येत नाही. हा सूर या तारेवर निघतो का, इथपासून संगीतकाराशी चर्चा करावी लागते. बेथोव्हेनचा कॉन्चेर्टो एकदा हातात बसला की आयुष्यभर कामाला येतो. नवी रचना महिनोन् महिने बसवून कदाचित एकदाच वाजते. तासाचा हिशेब मांडला तर कुठलाही मॅनेजर हा प्रोजेक्ट बंद करेल.

आणि खर्च? चांगलं व्हायोलिन घराच्या किमतीत जातं. जेनिफरवरही तिच्या वाद्याचं कर्ज होतं. तेव्हा तीसहून अधिक संगीतकारांनी तिला छोट्या रचना भेट दिल्या. त्यातून उभा राहिलेला 'शेअर्ड मॅडनेस' 2016 मध्ये सादर झाला आणि कर्जाचा भार हलका व्हायला मदत झाली. चार वर्षांनी तिने तीच मदत दुसऱ्यांपर्यंत पोचवली. 'अलोन टुगेदर'च्या अल्बमला 2022 मध्ये ग्रॅमी मिळालं.

ही गोष्ट 'टॅलेंट असेल तर सगळं होतं' म्हणून आतेभावाला सांगण्यात अर्थ नाही. तिच्या पाठीशी स्पर्धेचं नाव होतं, ओळखीचे संगीतकार होते. त्याच्याकडे सेकंडहँड स्कूटर आहे. गोष्ट खरं तर माझ्यासाठी आहे, पगारवाल्या गटासाठी.

नोकरी घे किंवा घेऊ नको, यातलं काहीच मी त्याला सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुझ्या स्वतःच्या एका रचनेसाठी दिवसभर स्टुडिओ घ्यायचा तर किती लागतील? त्याने जरा संकोचत आकडा सांगितला. मी महिन्याला घरपोच जेवणावर त्याहून जास्त घालवतो.