फिन्सबरीची पाच मतं

समर्थनगर,
छत्रपती संभाजीनगर

चि. सई,

लंडनच्या फिन्सबरी भागातल्या 'नौरोजी स्ट्रीट'च्या पाटीचा फोटो मिळाला. हे आपले दादाभाईच का, असं विचारलं आहेस. हो, तेच. फिन्सबरीकरांचे ते खासदार होते.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारे दादाभाई १८५५ मध्ये कामा कंपनीच्या व्यापारासाठी विलायतेला गेले. हिंदुस्थानचा कारभार ज्या सभागृहात ठरतो तिथे आपला माणूस बसला पाहिजे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. १८८६ मध्ये होबर्नमधून उभे राहिले आणि पडले. इंग्रज मतदार 'काळ्या माणसाला' निवडून देणार नाहीत, असं दोन वर्षांनी खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी भर सभेत बोलून गेले. त्या एका वाक्यानं दादाभाईंचं नाव इंग्लंडभर झालं. १८९२ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, लिबरल पक्षाकडून ते मध्य फिन्सबरीतून निवडून आले. मतं २९६१ विरुद्ध २९५६. फरक फक्त पाचाचा!

खासदारकीची शपथ त्यांनी पारशांच्या अवेस्तावर हात ठेवून घेतली. आयसीएसची, म्हणजे सनदी नोकरीची, परीक्षा हिंदुस्थानातही व्हावी, हा ठराव १८९३ मध्ये पार्लमेंटात मंजूर झाला, पण सरकारनं तो अमलात आणलाच नाही. १८९५ मध्ये दादाभाई हरले. तरी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर ते सदस्य होते. त्याच आयोगापुढे १८९७ मध्ये आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली. इथला पैसा विलायतेला कसा वाहून जातो, याचा हिशेब दादाभाईंनी १९०१ मध्ये पुस्तकरूपानं मांडला.

खासदारकी तीनच वर्षांची, हाती लागलेलं थोडं. तरी माझ्या मते ती वाया गेली नाही. हिंदुस्थानची बाजू तोवर बाहेरून अर्ज करून मांडावी लागे, ती आता आतून, आकडे पुढे ठेवून मांडली गेली.

तेव्हा आपलं शहर निजामाच्या राज्यात होतं. इथल्या माणसाला लोकसभेसाठी पहिलं मत देता आलं ते थेट १९५२च्या सुमारास.

तुला मात्र तिथे विलायतेतही मत आहे. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून, व्हिसावर राहत असलीस तरी, ब्रिटिश निवडणुकीत तू मतदान करू शकतेस. तेव्हा मतदार यादीत नाव घाल. एका मतानं काय होणार, असं कुणी म्हणालं तर त्याला फिन्सबरीचे आकडे सांग.

तुझा,
मामा