सायकलस्वाराकडून काय मागावे

सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती करावी, त्यांच्या वाहनाची नोंदणी व्हावी आणि रस्त्याच्या वापरापोटी त्यांनी कर भरावा, या तीन मागण्या बहुधा एका दमात केल्या जातात. वास्तविक पहिली मागणी स्वाराच्या स्वतःच्या देहरक्षणाशी, दुसरी शासनाला पटावयाच्या त्याच्या ओळखीशी आणि तिसरी सार्वजनिक खर्चातील त्याच्या वाट्याशी निगडित असल्यामुळे तिन्हींचा निवाडा एकाच युक्तिवादाने होऊ शकत नाही. भारतातील मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा यंत्रशक्तीने चालणाऱ्या वाहनांसाठी असल्याने त्यातील नोंदणीचे ३९ वे आणि हेल्मेटचे १२९ वे कलम पायाने चालविल्या जाणाऱ्या सायकलीला लागू होत नाही. कराची वाट मात्र राज्यघटनेने खुली ठेवलेली आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची ५७ वी नोंद यांत्रिक आणि अयांत्रिक अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना देते, आणि महाराष्ट्रातील कित्येक नगरपालिका एके काळी सायकलीवर वार्षिक कर घेऊन तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत असत, हे जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल.

अशा कराचे सामाजिक स्वरूप काय होते, हे पाहण्यासाठी नेदरलँड्सचे उदाहरण फार बोलके आहे. आज सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या राष्ट्राने १९२४ साली प्रत्येक सायकलीवर वार्षिक कर बसविला आणि तो भरणाऱ्यास सायकलीवर लावण्यासाठी एक छोटा धातूचा पत्रा दिला. ज्यांना तो भरणे परवडत नव्हते त्यांना पत्रा विनामूल्य मिळे, परंतु त्याच्या मध्यभागी एक भोक पाडलेले असे. त्यामुळे रोजगार गमावलेला मनुष्य कामाच्या शोधात सायकलीवरून निघाला की त्याची विपन्नावस्था साऱ्या रस्त्याला दिसे. सवलत देतानाही माणसाला असे खुणेने वेगळे पाडणे ही त्या कराची सर्वांत मोठी उणीव मानली पाहिजे, कारण वसुलीत गोळा झालेल्या रकमेने तिची भरपाई होत नाही. हा कर १९४१ मध्ये, जर्मन अंमलाच्या काळात रद्द झाला.

कराच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा केला जातो की जो रस्ता वापरतो त्याने त्याची किंमत द्यावी. हे तत्त्व मान्य केले तरी किंमत झिजेच्या प्रमाणात ठरावी लागेल, आणि तेथे स्थापत्य अभियांत्रिकीतील चौथ्या घाताचा नियम विचारात घ्यावा लागेल. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून पुढे आलेल्या या ढोबळ नियमानुसार रस्त्याची झीज वाहनाच्या आसावर, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, येणाऱ्या भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. स्वारासह सायकलीच्या एका आसावर ५० किलो आणि लहान मोटारीच्या एका आसावर ६०० किलो भार धरला, तर भार बारा पट असूनही झीज वीस हजारांहून अधिक पट होते. मोटारीवर लाखाचा कर असेल, तर याच न्यायाने सायकलीचा वाटा पाच रुपयांच्याही आत येईल, आणि तो वसूल करण्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक होईल. शिवाय मोटारींवरील कर राज्याच्या तिजोरीत जातो, तर शहरातील गल्लीबोळांचे रस्ते महापालिका बऱ्याच अंशी मालमत्ता करासारख्या उत्पन्नातून राखते, आणि तो कर सायकलस्वारही स्वतः किंवा घरभाड्याच्या रूपाने भरतच असतो.

नोंदणीचा विचार थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. जपानमध्ये सायकलींची नोंदणी होते ती चोरी रोखण्यासाठी, आणि स्वित्झर्लंडमध्ये २०११ पर्यंत सायकलीवर लावावी लागणारी चिठ्ठी ही इतरांना झालेल्या हानीच्या विम्याची खूण होती. चोरीला आळा घालण्यासाठी ऐच्छिक नोंदणी स्वागतार्ह ठरेल. परंतु दूधवाला, पहारेकरी, कारखान्यातील मजूर आणि शाळकरी मुले यांना कार्यालयाच्या खिडकीशी रांगेत उभे करण्याइतका धोका सायकलीपासून समाजाला नाही.

हेल्मेटचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण पडल्यावर ते डोक्याची इजा कमी करते, याविषयी वाद नाही आणि ते वापरणे शहाणपणाचेच आहे. तरीही युरोपीय मानकानुसार सायकलीच्या हेल्मेटची कसोटी ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने होणाऱ्या आघातावर घेतली जाते, म्हणजे भरधाव ट्रकच्या धडकेसाठी ते घडविलेलेच नसते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये जगात प्रथम ही सक्ती केली, तेव्हा हेल्मेटचा वापर वाढला, पण मेलबर्नमधील गणनांत सायकल चालविणाऱ्या किशोरवयीन मुलांची संख्या लक्षणीय घटलेली आढळली. मेक्सिको सिटीने आपली सक्ती २०१० मध्ये मागे घेतली. रस्त्यावर सायकली जितक्या अधिक, तितका प्रत्येक सायकलस्वाराचा धोका कमी, हे पीटर जेकबसेन यांनी २००३ साली मांडलेले निरीक्षण येथे ध्यानात घेतले, तर स्वारांची संख्या घटविणारा नियम उरलेल्यांची सुरक्षितताही घटवू शकतो, हे उघड होते.

महाराष्ट्रात या चर्चेला आणखी एक बाजू आहे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील इयत्ता ८ वी ते १२ वीच्या मुलींना, शाळा दूर असल्यामुळे त्यांचे शिक्षण सुटू नये म्हणून, सायकली दिल्या जातात. अशा मुलीच्या वाटेत नोंदणीपत्र, कराची पावती आणि हेल्मेट नसल्याचा दंड उभा करणे हे त्या योजनेचा हेतूच मोडून काढणारे ठरेल. तिला आणि पहाटे कामावर निघणाऱ्या मजुराला खरी गरज आहे ती अंधारात इतरांना दिसण्याची, चांगल्या ब्रेकची आणि मोटारींच्या वेगापासून वेगळ्या केलेल्या मार्गाची. म्हणून परावर्तक आणि ब्रेक यांची जबाबदारी कायद्याने सायकल बनविणाऱ्यावर टाकावी, सायकलमार्गाची महापालिकेवर आणि वस्तीतील वेगमर्यादेची मोटारचालकावर. सायकलस्वाराकडून रात्रीचा दिवा आणि वाहतुकीच्या नियमांचे पालन यांपलीकडे काहीही सक्तीने मागू नये.