वाचणारा फोन करत नाही

सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिणं हा माझा व्यवसाय. पुण्यातल्या एका कंपनीचं घाऊक व्यापाऱ्यांसाठीचं सॉफ्टवेअर आहे: गोदामातला माल, ऑर्डरी, बिलं, येणी. त्याचं मॅन्युअल बरीच वर्षं मीच लिहिते आणि ते फारसं कुणी वाचत नाही, हेही मला पहिल्यापासून ठाऊक आहे. गिऱ्हाईक अडलं की सपोर्टला फोन लावतं. सपोर्टच्या ताई दोन वाक्यांत सांगतात, काम होतं. मॅन्युअलमध्ये राहिलेलं सगळं असं फोनवर भरून निघायचं.

मग कंपनीने ठरवलं की हे सॉफ्टवेअर एआय एजंटला थेट वापरता आलं पाहिजे. व्यापाऱ्याने मोबाइलवर विचारायचं, "सांगलीच्या गोदामात हळद किती शिल्लक आहे?" आणि एजंटने शोधून सांगायचं. यासाठी एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, नावाची पद्धत आहे. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ती नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिच्यात सॉफ्टवेअरचं एकेक काम 'टूल' म्हणून मांडतात. टूलचं नाव, ते काय करतं याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची याचा जेसन स्कीमा. एजंट ही यादी वाचतो आणि तिच्यावरून कोणतं टूल कधी वापरायचं ते ठरवतो. आमच्या स्क्रीनवरचं लाल बटण त्याला दिसत नाही, शेजारच्या टेबलावरचा जुना कारकून त्याला नसतो. आणि अडला तरी तो फोन करत नाही. बहुतेक वेळा अंदाज बांधून पुढे जातो.

डेव्हलपर मंडळींनी वर्णनं आधीच लिहून ठेवली होती. एक होतं, 'ऑर्डर बंद करते.' त्याच्याच खाली, 'ऑर्डर रद्द करते.' वाक्यं खरी होती, उपयोग शून्य. चाचणीच्या डेटावर आम्ही एजंटला सांगितलं, "ती ऑर्डर आता नको, संपवून टाक." त्याने ती बंद केली. आमच्याकडे बंद करणं म्हणजे माल पोहोचला, बिल फाडा. रद्द करणं म्हणजे माल परत साठ्यात घ्या. न पाठवलेल्या मालाचं बिल तयार झालं. मी नवं वर्णन लिहिलं: 'माल पोहोचल्यावरच वापरा. गिऱ्हाइकाने ऑर्डर मागे घेतली असेल तर हे टूल नव्हे, ऑर्डर-रद्द वापरा. बंद केलेली ऑर्डर पुन्हा उघडत नाही.' एखादी गोष्ट कधी वापरू नये, हे मॅन्युअलमध्ये मी क्वचितच लिहिलं होतं. इथे निम्मं लिखाण तेच झालं.

एककांचाही गोंधळ होता. 'वजन' या रकान्यात आकडा टाका, एवढंच स्कीमा सांगत होता. व्यापारी बोलतो क्विंटलमध्ये, डेटाबेस साठवतो किलोत. स्क्रीनवर रकान्याशेजारी बारीक अक्षरांत 'किलो' लिहिलेलं आहे, पण स्क्रीन पाहणार कोण? तारखेचं तसंच. ०३/०४ म्हणजे आपल्याला तीन एप्रिल, अमेरिकन वळणाने वाचलं तर चार मार्च. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, हा आयएसओ ८६०१चा क्रम सक्तीचा केला. 'या वर्षीची विक्री' म्हणजे एप्रिल ते मार्च, हेही लिहावं लागलं. आमच्या ऑफिसात ते कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं, कारण तशी गरजच पडली नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो उत्तरांवर. साठा शोधणारं टूल माल नसेल तर रिकामी यादी द्यायचं, आणि शाखेचा कोड चुकला तरीही रिकामीच यादी द्यायचं. एजंट ठामपणे सांगायचा, "हळद शिल्लक नाही." थकबाकीची यादी एका पानावर पन्नास नावं देत असे; एजंट म्हणायचा, एकूण थकबाकीदार पन्नास. खोटं तो बोलत नव्हता, आम्हीच त्याला अर्धं सांगत होतो. आता टूल म्हणतं, 'हा शाखा-कोड सापडला नाही, शाखा-यादी या टूलमधून कोड घ्या.' पानाच्या शेवटी येतं, 'आणखी नावं बाकी आहेत, पुढचं पान मागा.' एररचा मजकूर हे खरं डॉक्युमेंटेशन आहे, कारण तो नेमका अडल्या वेळी वाचला जातो. शिवाय सगळंच वर्णनात कोंबता येत नाही. टूलांची यादी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरात, जागा खाते, आणि लांबलचक वर्णनांच्या गर्दीत कामाचं वाक्य हरवतं.

हे सगळं मला सुचलं असं नाही. सपोर्टच्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. त्या म्हणाल्या, "अगं, रोज तेच तेच विचारतात. लिहून घे." त्यांच्या वहीतून जे मिळालं ते कोडमध्ये कुठेच नव्हतं.

१९७१च्या नोव्हेंबरात केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल निघालं. त्यात आज्ञांच्या माहितीबरोबर 'बग्ज' असा मथळा असे, म्हणजे त्या आज्ञेत काय बिघडतं तेही छापलेलं. आमच्या मार्केटिंगला असला मथळा कधी रुचला नसता. टूलांच्या वर्णनात मात्र मी तो बिनबोभाट आणला. तिथे मार्केटिंगवाले फिरकत नाहीत.

एका मुद्द्यावर मात्र माझा शब्द तोकडा पडला. एमसीपीमध्ये टूलवर 'हे माहिती नष्ट करू शकतं' अशी खूण लावता येते. पण ती फक्त सूचना आहे. ज्या सर्व्हरवर भरवसा नाही त्याच्या अशा खुणा खऱ्या धरू नका, असं प्रोटोकॉलच सांगतो. येणी माफ करण्याच्या टूलवर मी 'मालकाला विचारल्याशिवाय वापरू नये' असं लिहिलं होतं. एजंट ते बहुतेक वेळा पाळायचा. पैशाच्या कामात 'बहुतेक वेळा' चालत नाही, म्हणून ते टूल आम्ही यादीतून काढून टाकलं. येणी अजूनही मालकच माफ करतो, स्वतःच्या पासवर्डने.