पन्हाळगडावरील करंडक



विहिरीच्या पायरीवर पाय घसरला की आपण शेवाळाला नावे ठेवतो. हिंदीत त्यालाच 'काई' म्हणतात. माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथेही काई म्हणजे घासून टाकायची वस्तू, एवढेच कानी पडे. या शेवाळासाठी आयुष्य वेचणारे एक प्राध्यापक आपल्यापासून फार दूर नाही, कोल्हापूर-धारवाडकडे काम करून गेले, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

त्यांचे नाव हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी (१९२०-२००८). कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी गोड्या पाण्यातील डायटम या शैवालाचा अभ्यास केला. मराठीत त्यांना 'करंडक वनस्पती' असे सुंदर नाव आहे. कुंकवाच्या करंड्याला जसे खालचे भांडे आणि वरचे झाकण, तसे या एकपेशीय वनस्पतीचे कवच दोन भागांचे असते. हे कवच वाळूत असते त्याच सिलिकाचे असते. त्यावर इतकी बारीक नक्षी असते की तिच्यावरूनच जात ओळखली जाते. डोळ्यांना मात्र दगडावरचा तपकिरी, निसरडा थर तेवढा दिसतो. पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा हे करंडक देतात.

गांधी सरांनी १९५५ साली राजस्थानातील प्रतापगढच्या करंडकांवर लिहिले. पुढे राधानगरी, कोल्हापूर, धारवाडजवळील मुगद, जोगचा धबधबा अशी एकेक जागा घेतली. १९५९ साली पन्हाळगडावरील करंडकांवरचा त्यांचा लेख हॉलंडमधून निघणाऱ्या 'हायड्रोबायोलॉजिया' या नियतकालिकात छापून आला. गडावर आपण इतिहास पाहायला जातो. सरांनी तेथले पाणी पाहिले! १९९८ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास, मध्य गुजरातच्या करंडकांवर त्यांचा ग्रंथ निघाला.

कुणी विचारील, याचा उपयोग काय? काही करंडक स्वच्छ पाण्यातच वाढतात, काहींना सांडपाणी मानवते. त्यामुळे कोणत्या जाती सापडल्या यावरून पाण्याची प्रकृती कळते. पण त्यासाठी आधी कुणीतरी त्यांची नावनिशी नोंदवून ठेवावी लागते. गांधी सरांनी ती नोंद केली, म्हणून त्या ठिकाणी तेव्हा काय होते आणि आज काय उरले, हे ताडून पाहता येते. आज पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत करंडकांचा अभ्यास चालू आहे.

पालक मला नेहमी विचारतात, "सर, सीमेवरच्या गावात, मराठी शाळेत शिकून मूल शास्त्रज्ञ होईल का?" प्रश्न रास्त आहे. पुढे इंग्रजी लागेल. गांधी सरांनीही इंग्रजीतच लिहिले. पण नीट पाहण्याची सवय आधी लागते, आणि ती मुलाला कळणाऱ्या भाषेतच लागते. पाणी तर आपल्याकडेही आहे. मांजरा नदी आहे, गावोगावच्या विहिरी आहेत, बिदरला बहामनी काळातील भुयारी करेज आहे.

विश्वस्त मंडळींना माझी एकच विनंती आहे. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि तो दहावीच्या मुलांपुरताच पुरतो. येत्या वर्षी आणखी दोन घ्यावेत. आणि मुलांनो, पावसाळा सरला की काठावरचा एक निसरडा दगड हलक्या हाताने खरवडून बाटलीत आणा. सोबत एखादे मोठे माणूस हवेच. बाटलीवर गाव, तारीख आणि पाण्याचे ठिकाण लिहायला विसरू नका.