फुलाचा पत्ता

कोल्हापुरांत कॅमेऱ्याला मान आहे. बाबूराव पेंटरांनीं चित्रपटाचा कॅमेरा याच गांवांत स्वतःच्या हातांनीं घडविला आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आणली. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचें स्मारकहि उभें आहे. अशा गांवांत गळ्यांत कॅमेरा अडकवून हिंडणाऱ्याकडे कोणी वांकड्या नजरेनें पाहत नाहीं. मात्र तो मनुष्य इंग्रजीचा प्राध्यापक असला, पन्नाशी ओलांडलेला असला, आणि भर पावसाळ्यांत एखाद्या सड्यावर पालथा पडलेला आढळला, तर गुराखी पोरें जवळ येऊन चौकशी करतात, "काय हरवलं काय ओ, काका?"

हरविलेलें कांहीं नसतें. 'सीतेचीं आसवें' या नांवाचें जांभळें फूल बोटाच्या पेराहून लहान. उभ्यानें चित्र घेतलें तर नुसता रंगाचा ठिपका उमटतो. त्याच्याशीं नजर जुळवावयाची तर हनुवटी चिखलाला टेकावी लागते. ती एकदां टेकली कीं, वरून ओसाड वाटणाऱ्या जमिनींत एक गांवच वसलेलें दिसूं लागतें. आमचे हे सडे म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण ओटे. पन्हाळ्यापलीकडचें मसाईचें पठार घ्या किंवा राधानगरीच्या अंगाचे सडे घ्या. दगडावर माती कोठें चार बोटें, तर कोठें तीहि नाहीं. वैशाखांत पाय ठेववत नाहीं असा हा तवा, आणि भाद्रपदांत त्याच्यावरच सोनकी, तेरडा, आभाळी आणि गेंदाचे पांढरे गोंडे! इतक्या दरिद्री मातींत नत्र मिळावें कोठून? म्हणून सीतेच्या आसवांचें रोप आपल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून पोट भरतें. ज्या फुलाला आमच्या लोकांनीं अश्रूंचें नांव दिलें, तें शिकारी निघावें, याची मला मोठी गंमत वाटते.

माझा हा छंद १९९० च्या सुमारास सुरू झाला. तेव्हां एका रिळांत छत्तीस चित्रें बसत. छत्तिसांचा हिशेब डोक्यांत असल्यामुळें माणूस आधीं पाही आणि मग कळ दाबी. आतां कळ दाबण्यास पैसे पडत नाहींत, म्हणून पाहण्याचें काम मागाहून घरीं उरकण्याची चाल पडली आहे. दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाणे पेरून त्यांच्यापुढें कॅमेरा मांडला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडें थोडें चित्रण करून कोंभाचा वेल होईपर्यंतची हकीकत मिनिटभराच्या पट्टींत बसविली. 'अंकुराची वाढ' हें तिचें नांव. ती पाहून पैसेवाल्यांना विश्वास आला, आणि पुढें 'राजा हरिश्चंद्र' निघाला. आमच्या चित्रपटाचा मांडव वाटाण्याच्या वेलावर उभा आहे, असें म्हटलें तरी चालेल! त्या महिन्यांत वेलाची घाई करण्याची सोय फाळक्यांना नव्हती. ती सोय आज आहे असें समजणारे छायाचित्रकार मीं पाहिले आहेत. ते फुलाभोंवतींचें गवत उपटतात, पाकळ्यांवर शिशींतून दंव शिंपडतात. एकानें तर फूलच खुडून उजेड बरा म्हणून दगडावर ठेवलेलें मीं या डोळ्यांनीं पाहिलें.

कांहीं वर्षांपूर्वीं ऑगस्टच्या अखेरीस एका सड्याच्या उतारावर मला कंदीलपुष्प दिसलें. तो सडा कोणता, हें मी सांगणार नाहीं, आणि माझ्या लिहिण्याचा विषयहि तोच आहे. कंदीलपुष्पाला आपल्याकडे खरचुडी म्हणतात. याच्या पाकळ्या टोकांशीं जुळून कंदिलाची जाळी होते. खालीं निमुळती नळी. नळींत आंतल्या बाजूस वळलेले केंस असतात. चिलटें वासाला भुलून आंत जातात, आणि केंस सुकून दार मोकळें होईपर्यंत अडकून पडतात. सुटतात तीं पराग घेऊन. हा सगळा तुरुंग बोटभर उंचीचा! जमिनीखालीं त्याचा कंद असतो, आणि गुराखी तो उकरून खातात. पत्ता त्यांना पूर्वींपासून ठाऊक होता. परंतु त्यांची भूक आणि त्यांची संख्या दोन्ही मर्यादित होत्या.

तें चित्र मीं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला दाखविलें. ती आतां स्वतः शाळेंत शिकविते. तिनें पहिलाच प्रश्न केला, "सर, हें कुठं?" मीं सांगितलें नाहीं. तेव्हां तिनें जो वाद घातला तो मला सहजासहजीं परतवितां आला नाहीं. ती म्हणाली, "सर, तुम्ही पत्ता लपवाल, आणि उद्या त्या सड्यावर बॉक्साइटची खाण निघेल. तिथं काय होतं हें कोणालाच ठाऊक नसलं, तर अडवणार कोण?"

तिचें म्हणणें पोकळ नव्हतें. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सड्यांवर बॉक्साइटसाठीं खाणी खोदल्या गेल्या आहेत. सरकारी कागदांत सडा म्हणजे पडीक जमीन. तेथें कांहीं आहे, हें कोणी तरी दाखवून दिल्याखेरीज त्याला वाली मिळत नाहीं. राधानगरीचें जंगल १९५८ सालीं गव्यांसाठीं राखलें गेलें, आणि २०१२ सालीं सह्याद्रीच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशांत गेलें. गवा मोठा, म्हणून तो दिसला. खरचुडीला कोण पाहणार? शिवाय शास्त्रज्ञाला तर पत्ता हवाच. कुकसाहेबांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ रचला, यादव आणि सरदेसाई यांनीं २००२ सालीं कोल्हापूर जिल्ह्याचा रचला. वनस्पतीच्या नांवापुढें तिचें ठिकाण न लिहितां असे ग्रंथ होत नसतात.

तरीहि माझें मन वळलें नाहीं, याला कारण साताऱ्याचें कास. तेंहि २०१२ सालींच वारशांत गेलें, आणि आज तेथें हंगामांत तिकीट काढावें लागतें, रोजच्या संख्येला मर्यादा घालावी लागते. चार बोटें मातीवर हजारो पावलें पडलीं तर खालचे कंद काय करतील? आणि आतां तर पत्ता तोंडानें सांगण्याचीहि गरज नाहीं. मोबाइलनें घेतलेल्या चित्राच्या पोटांत बहुधा अक्षांश-रेखांश आपोआप लिहिलेले असतात. आपण हौसेनें फूल पाठवितों, आणि चोरवाटेनें त्याचें घरहि पाठवितों. आयनॅचरलिस्ट या जागतिक नोंदवहीनें यावर एक तोड काढली आहे. धोक्यांत असलेल्या जातीची नोंद झाली, कीं नकाशावर नेमक्या ठिकाणाऐवजीं वीसएक किलोमीटरचा चौकोन तेवढा लोकांना दिसतो.

मींहि तसेंच केलें. शिवाजी विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राच्या लोकांनीं कंदीलपुष्पांवर वर्षानुवर्षें काम केलें आहे, आपल्या उद्यानांत त्यांच्या अनेक जाती जोपासल्या आहेत. तेथील एका मित्राला मीं चित्र दिलें, ठिकाण दिलें, रोपांची संख्या दिली. घरच्या भिंतीवर चित्र लावलें आहे. त्याच्याखालीं नुसतें 'कोल्हापूर जिल्हा' असें लिहिलें आहे. पाहुणे विचारतात, मी विषय बदलतों, आणि सौभाग्यवती चहा आणते. आमची ही युक्ति चांगली बसली आहे.

विद्यार्थिनीचें समाधान मात्र झालेलें नाहीं. परवां तिचा निरोप आला: "सर, यंदा मला घेऊन चला." मीं होकार दिला, मोबाइल गाडींत ठेवून यायचें, एवढीच अट घातली. तिनें ती मान्य केली, आणि उलट आपली एक अट कळविली. त्या सड्यावर खाणीची मोजणी सुरू झाली, तर त्याच दिवशीं चित्र आणि पत्ता दोन्ही ती वर्तमानपत्राकडे देणार. या अटीला मीं अद्याप उत्तर पाठविलेलें नाहीं.