हाताची घडी, तोंडावर बोट

पहिल्या दिवशी वर्गात शिरले की सगळे उठून उभे राहतात. ‘बसा’ म्हटलं की बसतात आणि गप्प होतात. वीस-बावीस वर्षांची मुलं, कुणी इंजिनिअरिंग करून आलेली, कुणी नोकरी सांभाळून येणारी. पण बालवाडीतलं ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ अंगात असं मुरलेलं, की शिक्षकासमोर गप्प बसणं म्हणजेच मान देणं, असं त्यांना मनापासून वाटतं. पुण्यात विद्यापीठाच्या वर्गाला जर्मन शिकवताना माझी पहिली अपेक्षा हीच असते, की ते बोट खाली यावं.

फोन बॅगेत, गृहपाठ हाताने लिहिलेला, येणं वेळेवर, हे मी एका दमात सांगून टाकते. खरी अडचण तोंड उघडण्याची. दोन टिंबांचा ‘यू’ घ्या. ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल करायचे, तसेच धरून ठेवायचे आणि आतून ‘ई’ म्हणायचं. चेहरा विचित्र होतो. म्हणून आधी मी करून दाखवते, शेवटच्या बाकालाही ओठ दिसतील असं. मग एकेकाला उभं न करता सगळ्या वर्गाला एकदम करायला लावते.

हे मला उशिरा सुचलं. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातून आलेला एक मुलगा ‘वडील’ या अर्थाचा शब्द वाचत होता. आपल्याला ‘व्ही’ दिसतो तिथे जर्मन लोक बहुधा ‘फ’ म्हणतात, शब्द ‘फाटर’. तो ‘व्हाटर’ म्हणाला. मागच्या बाकावरचे दोघे हसले. मी उच्चार सुधारला आणि धडा पुढे नेला. त्या दोघांना काही बोलले नाही. पुढचा दीड महिना त्याच्या वह्या चोख, लेखी चाचणीत गुण उत्तम, आणि वर्गात एक शब्द नाही. तो दीड महिना माझ्यामुळे गेला. शेवटी मी वर्गासमोरच त्याला म्हणाले, की त्या दिवशी ते हसू मी थांबवायला हवं होतं.

तेव्हापासून दुसऱ्याच्या चुकीवर हसलेलं मी चालवून घेत नाही. शेजाऱ्याने हळूच उत्तर पुरवलेलंही नाही. त्यात माया असते, ठाऊक आहे. पण पुरवणारा शोधणाऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घेतो.

आणि चुकायला जागा भरपूर आहे. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, त्यामुळे मराठी मुलांना कल्पना लगेच पटते आणि तिथेच पाय घसरतो. आपलं टेबल ‘ते’, त्यांचं ‘टिश’ मात्र ‘तो’, म्हणजे ‘डेअर’. सूर्य त्यांच्याकडे ‘ती’, म्हणजे ‘डी’. मुलगी चक्क नपुंसकलिंगी. पण आपणही ‘ते पोरगं’ म्हणतोच की! या चुका मोठ्याने झाल्या तरच मला ऐकू येतात. मनातल्या मनात झालेल्या चुकीपर्यंत माझा हात पोचत नाही.

त्याच सत्राच्या शेवटी, तोंडी परीक्षेला तो मुलगा आणि त्या हसणाऱ्यांपैकी एक जोडीने बसले. खोलीचं वर्णन करायचं होतं. तो ‘डी टिश’ म्हणाला, अडखळला, त्याने वर पाहिलं. समोरचा नुसता वाट बघत राहिला. मी पेन खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘डेअर टिश’, आणि टेबल सोडून खिडकीकडे वळला.